वाचकांचे प्रश्न : साध्या मायक्रोस्कोपवर जिवंत पेशी, १०० नॅनोमीटरपर्यंत

सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपीबद्दल (प्रकाशाच्या नेहमीच्या मर्यादेहून बारीक पाहण्याच्या तंत्रांबद्दल) आलेल्या पत्रांपैकी जिवंत पेशींशी संबंधित प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे : कोटींच्या घरातले यंत्र हाताशी नाही, मग काय करता येईल? बरेच काही करता येते. मात्र पेशी किती प्रकाश सोसेल हे आधी ठरवावे लागते. विभेदन, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची क्षमता, किती मिळेल हा हिशेब त्यानंतरचा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात १००× भिंगाचा, एनए (भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) १.२५ असलेला प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) मायक्रोस्कोप आहे. त्यावर २० मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा लावला, तरी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) एकमेकींत मिसळलेल्याच दिसतात. कॅमेरा सदोष आहे का?
— प्राणिशास्त्राचे अध्यापक, सांगली

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. जो तपशील भिंगातून आलाच नाही, तो कॅमेऱ्याला टिपता येत नाही. अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. हिरव्या प्रतिदीप्तीची तरंगलांबी ५१० नॅनोमीटर धरली, तर तुमच्या भिंगाची मर्यादा २०४ नॅनोमीटर येते. एनए १.४ चे भिंग लावले तर ती १८२ होईल. खोलीच्या दिशेने परिस्थिती याहून वाईट असते; तिथे ५०० ते ७०० नॅनोमीटर. तंतुकणिकेची जाडीच २०० ते ५०० नॅनोमीटर असल्याने शेजारी-शेजारी टेकलेल्या दोन तंतुकणिका एकच दिसणार.

उलट लहान पिक्सेलमुळे तुमचे थोडे नुकसानच होत आहे. २० मेगापिक्सेलच्या अशा कॅमेऱ्यात पिक्सेल बहुधा २.४ मायक्रोमीटरचा असतो. १००× भिंगावर तो नमुन्यातल्या २४ नॅनोमीटरएवढा होतो. पिक्सेल मर्यादेच्या निम्मा असला की पुरतो, म्हणून तुम्हाला सुमारे १०० नॅनोमीटर पुरेसे आहेत. म्हणजे तोच प्रकाश १६ पिक्सेलांत विनाकारण वाटला जातो आणि प्रत्येक पिक्सेल अंधुक व नॉइजयुक्त (दाणेदार) होतो. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ४×४ बिनिंग (१६ पिक्सेल एकत्र जोडणे) निवडा. प्रतिमा लहान दिसेल, पण स्वच्छ येईल आणि दिवा मंद ठेवूनही काम भागेल.

प्रश्न : प्रयोगशाळेत साधा वाइडफील्ड (सगळे दृश्य एकदम उजळणारा) मायक्रोस्कोप, एलईडी प्रकाश, ६०× एनए १.४ तेल-भिंग आणि एससीमॉस कॅमेरा आहे. जिवंत पेशींतल्या तंतुकणिका २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशिलात पाहायच्या आहेत. यंत्र न बदलता जमेल का? पायऱ्या सविस्तर द्याव्यात.
— पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जमेल. १०० ते १५० नॅनोमीटरपर्यंत पोहोचता येईल, तेही मोफत सॉफ्टवेअरने. फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॅनोजे-एसआरआरएफ हे २०१६ चे प्लगइन किंवा त्याची २०२३ मधली सुधारित आवृत्ती ई-एसआरआरएफ बसवा. रंगद्रव्याच्या रेणूंची चमक क्षणाक्षणाला किंचित कमी-जास्त होते. पाठोपाठ घेतलेल्या अनेक चौकटींत (फ्रेममध्ये) प्रत्येक बिंदूभोवतीचा प्रकाश कुठल्या केंद्राकडे एकवटतो आणि ते केंद्र काळाच्या ओघात कसे लुकलुकते, हे सॉफ्टवेअर मोजते आणि त्यातून बारीक प्रतिमा काढते.

सुरुवात पेशींपासून करा. कॉस-७ (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशी पातळ पसरतात, त्यामुळे फोकसबाहेरचा धूसरपणा कमी राहतो. पहिल्या प्रयोगाला त्याच घ्या. तळाला ०.१७ मिलिमीटर जाडीची काच असलेल्या ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये त्या अशा पेरा की, प्रतिमा घेण्याच्या दिवशी तळाचा ५० ते ६० टक्के भाग व्यापलेला असेल. प्लॅस्टिक तळाची डिश या कामाला अजिबात चालत नाही. काचेची जाडी थोडी इकडेतिकडे असली तर तेल-भिंग निभावून नेते, पाणी-भिंग नेत नाही.

रंगासाठी मायटोट्रॅकर डीप रेड ५० नॅनोमोलर, ३७ अंश सेल्सिअसला २० मिनिटे, मग दोनदा धुणे. रंग जास्त घातला की प्रतिमा उजळ येते, म्हणून हात सैल सुटतो. तसे करू नका. हा रंग तंतुकणिकेच्या पटलावरील विद्युतविभवामुळे आत ओढला जातो, आणि प्रमाणाबाहेर गेला तर तेच विभव बिघडवतो. डीप रेडची प्रतिदीप्ती ६६५ नॅनोमीटरला असल्यामुळे तुमची मूळ मर्यादा १८२ वरून २३७ वर जाते, हे खरे. तरीही लाल प्रकाशात पेशी टिकते, म्हणून आमची शिफारस त्यालाच आहे.

धुतल्यानंतर फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) नसलेले माध्यम घाला. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर त्यात आम्लता स्थिर ठेवणारे हेपेस २० मिलिमोलर मिसळा. भिंगाला हीटर हवाच, कारण तेलाचा थेंब भिंग आणि डिश यांना जोडतो आणि गार भिंग पेशींची उष्णता खेचून घेते. मंच ३७ अंश दाखवत असतो, पण भिंगासमोरच्या पेशी काही अंश खालीच असतात. हीटर सुरू करून दोन तास थांबा, तोवर फोकस सरकत राहतो. एसीचा झोत थेट मंचावर येत असेल तर पुठ्ठ्याचा आडोसा करा; कॉम्प्रेसर चालू-बंद होताना फोकस लयीत वर-खाली होतो.

आता चौकटी. एससीमॉसचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा असेल, तर ६०× वर तो १०८ नॅनोमीटर होतो. २३७ च्या निम्म्याहून थोडा कमी, म्हणजे जेमतेम बसतो. १००× भिंगाने ६५ नॅनोमीटर मिळतील, पण प्रत्येक पिक्सेलला सुमारे २.८ पट कमी प्रकाश मिळेल. ६०× वरच सुरू करा. कॅमेऱ्याचे क्षेत्र ५१२ ओळींपुरते कापा, म्हणजे वेग मिळेल. चौकट १० मिलिसेकंदांची, एका संचात ५० चौकटी, म्हणजे अर्धा सेकंद. दिवा एवढाच ठेवा की पेशीतला उजळ भाग पार्श्वभूमीपेक्षा ३०० ते ५०० काउंटने (कॅमेऱ्याच्या उजळतेच्या एककांनी) वर असेल. १०० चौकटी घेतल्यास गणित जास्त स्थिर होते, पण तेवढ्या काळात तंतुकणिका १०० नॅनोमीटरहून जास्त हलली तर बारकावा पुसलाच जातो. स्थिर रचनांसाठी १००, हलत्यांसाठी ५० घ्या.

प्लगइनमध्ये आधी सरकण्याची दुरुस्ती करा, म्हणजे ड्रिफ्ट करेक्शन. नॅनोजे-एसआरआरएफ वापरत असाल तर रिंग रेडियस ०.५, मॅग्निफिकेशन ५, अक्ष ६ हे मूळ आकडे तसेच ठेवून पहिली प्रतिमा काढा. टेम्पोरल विश्लेषणात दाट रचनांसाठी सरासरीचा पर्याय सुरक्षित. ई-एसआरआरएफमध्ये वेगवेगळ्या त्रिज्या आणि संवेदनशीलता एकाच वेळी तपासून पाहण्याची सोय आहे. तिथे प्रतिमा सर्वांत तीक्ष्ण कुठे दिसते एवढेच न पाहता मूळ प्रतिमेशी जुळणीही चांगली असलेला आकडा निवडा.

जुळणीची ही परीक्षा कधीही टाळू नका. नॅनोजे-स्क्विरल हे प्लगइन तुमची बारीक प्रतिमा पुन्हा धूसर करून वाइडफील्ड प्रतिमेशी ताडून पाहते आणि चुकांचा नकाशा देते. त्यातला आरएसपी हा जुळणीचा आकडा १ च्या जवळ हवा, आणि नकाशात तंतुकणिकांची आकृती उमटलेली दिसता कामा नये. उमटली तर समजा की, दोन समांतर तंतुकणिका एकीत गोळा झाल्या आहेत किंवा अंधूक तंतुकणिका गायब झाल्या आहेत. या पद्धतीत हे दोन दोष सर्वाधिक आढळतात. शिवाय एसआरआरएफ प्रतिमेतली उजळता प्रत्यक्ष रंगाच्या प्रमाणात नसते. आकार आणि लांबी त्यावर मोजा. प्रथिनाचे प्रमाण मोजायचे असेल तर मूळ चौकटींकडे वळा.

प्रश्न : प्रतिमा घ्यायला लागल्यावर पाच-सात मिनिटांत लांब तंतुकणिका तुटून गोल मणी होतात. हा औषधाचा परिणाम समजावा की प्रकाशाचा?
— संशोधन सहायक, नागपूर

उत्तर : औषध न घातलेल्या डिशमध्येही असेच होत असेल, तर दोष प्रकाशाचा. पुढे काहीही करण्याआधी चार डिश लावा : रंग आणि प्रकाश दोन्ही, फक्त रंग, फक्त प्रकाश, आणि दोन्ही नाही. औषधाचा प्रयोग या चार डिशांचा निकाल हाती आल्यावरच करा. तंतुकणिकांचे मणी होणे ही प्रकाशबाधेची सर्वांत लवकर दिसणारी खूण आहे. रंगाचा उत्तेजित रेणू ऑक्सिजनला क्रियाशील बनवतो आणि तो ऑक्सिजन नेमका तिथेच, तंतुकणिकेच्या पटलावर, काम करतो.

तुमच्या प्रकाशाची मात्रा मोजा. पॉवर मीटर भिंगासमोर धरा. समजा १ मिलिवॅट आला आणि प्रकाशित वर्तुळाचा व्यास २०० मायक्रोमीटर आहे. क्षेत्रफळ ०.०००३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून तीव्रता सुमारे ३.२ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर. अर्ध्या सेकंदाच्या एका संचाला १.६ ज्यूल. असे १०० संच घेतले की १६० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. हा आकडा प्रत्येक प्रयोगाच्या वहीत लिहा. ‘दिवा २० टक्के’ या नोंदीवरून दुसऱ्या यंत्रावर काहीच करता येत नाही.

बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक मात्रा वायाच जाते, आणि ती वाचवणे फुकट आहे. फोकस शोधताना प्रतिदीप्तीचा दिवा लावू नका; खालून-वरून आरपार जाणारा साधा प्रकाश लाल फिल्टरमधून वापरा. कॅमेरा प्रकाश टिपत नसताना एलईडी बंद असला पाहिजे. त्यासाठी कॅमेऱ्याचा एक्स्पोजर-आउट सिग्नल बीएनसी केबलने एलईडीच्या ट्रिगरला जोडा. सॉफ्टवेअरकडून यूएसबीवरून चालू-बंद केले तर प्रत्येक चौकटीमागे अनेक मिलिसेकंद जादा प्रकाश पडतो, आणि चौकटच १० मिलिसेकंदांची असताना ते परवडत नाही.

तरंगलांबीचा परिणाम मोठा आहे. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सर्वांत घातक, ४८८ त्याहून सौम्य, ६४० सर्वांत सोसण्याजोगा. केंद्रक दाखवण्यासाठी जिवंत पेशींत होक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग आणि ४०५ यांची जोडी सर्रास वापरली जाते. दीर्घ प्रयोगात ती टाळाच, ती डीएनएवर आघात करते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. माध्यमातील रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) निळ्या प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि हेपेस सोबत असेल तर ते आणखी वाढते. म्हणून हेपेस घातलेली बाटली ट्यूबलाइटखाली उघडी ठेवू नका, ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. निळ्या प्रकाशाचा प्रयोग असेल तर रायबोफ्लेविन कमी असलेले माध्यम घ्या.

अंतिम कसोटी दुसऱ्या दिवशीची. प्रतिमा घेतलेल्या पेशींची जागा खूण करून ठेवा आणि २४ तासांनी बघा : शेजारच्या न उजळलेल्या पेशींइतक्याच त्या विभागल्या आहेत का? प्रतिमा घेताना पेशी ठीक दिसणे हा पुरावा पुरेसा नाही.

प्रश्न : दुसऱ्या संस्थेच्या एसआयएम (स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन मायक्रोस्कोपी) यंत्रावर वेळ मिळाला. प्रतिमांत सगळीकडे मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसते. ती खरी रचना आहे का?
— पोस्ट-डॉक्टरल संशोधक, मुंबई

उत्तर : नाही. एसआयएममध्ये नमुन्यावर प्रकाशपट्ट्यांची नक्षी तीन दिशांनी आणि प्रत्येक दिशेत तीन टप्प्यांनी टाकतात आणि त्यांतून गणिताने बारीक प्रतिमा काढतात, म्हणून द्विमितीय प्रतिमेला ९ चौकटी लागतात. त्रिमितीयला प्रत्येक प्रतलामागे १५. तीन दिशांतला नॉइज गणितात एकमेकांवर बसतो आणि षटकोनी जाळी उमटते. प्रकाश कमी होता किंवा पट्ट्यांची स्पष्टता कमी होती, एवढाच तिचा अर्थ. पुनर्रचनेत नॉइज दाबणाऱ्या वीनर फिल्टरचा आकडा वाढवला की जाळी दबते, थोडे विभेदनही जाते. ते जाऊ द्या.

इमेज-जे या प्रतिमा-सॉफ्टवेअरमधील सिमचेक हे मोफत प्लगइन मूळ ९ चौकटींवर चालवा. त्यात मॉड्युलेशन (पट्ट्यांची स्पष्टता) आणि नॉइज यांचे गुणोत्तर ४ च्या खाली आले तर पुनर्रचना करूच नका. पट्ट्यांची स्पष्टता बहुधा तेलामुळे जाते. तेलाचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००४ ने घटतो. २३ अंशांना १.५१५ असलेले तेल ३७ अंशांना १.५०९ वर येते. जिवंत पेशींसाठी ३७ अंशांचे तेल किंवा १.५१८-१.५२० चे तेल मागून घ्या आणि १०० नॅनोमीटरच्या प्रतिदीप्त मण्यांवर तपासा : फोकसच्या वर आणि खाली मण्याची वलये सारखी पसरली तर तेल बरोबर. काचेपासून चार-पाच मायक्रोमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

षटकोनांऐवजी एखाद्या रचनेच्या कडेने समांतर भुताटकी रेषा दिसत असतील तर कारण वेगळे : ९ चौकटी पुऱ्या होईपर्यंत ती रचना हलली. सेकंदाला १ मायक्रोमीटर वेगाने जाणारी पुटिका (व्हेसिकल) २० मिलिसेकंदांच्या ९ चौकटींत १८० नॅनोमीटर सरकते. ती धरायची तर चौकट १० मिलिसेकंदांच्या खाली हवी.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता आहे. डीएमडी चिप (असंख्य सूक्ष्म आरशांची) आणि थ्रीडी प्रिंटर वापरून एसआयएम स्वतः उभारता येईल का?
— नाशिक

उत्तर : येईल, आणि तुमच्यासारख्यांनी ते करायला हवे. पहिला हिशेब पट्ट्यांच्या अंतराचा. डीएमडीचा आरसा ७.६ मायक्रोमीटरचा असेल आणि ट्यूब लेन्स व भिंग मिळून त्याची प्रतिमा १०० पट लहान करत असतील, तर नमुन्यावर एक आरसा ७६ नॅनोमीटरचा. तीन आरशांची एक पट्टी म्हणजे २२८ नॅनोमीटर, आणि एकेक आरसा सरकवला की तीन टप्पे आपोआप मिळतात. एनए १.४ आणि हिरव्या प्रतिदीप्तीला विभेदनातला लाभ १ अधिक १८२ भागिले २२८, म्हणजे सुमारे १.८ पट. ६० पट लहान केले तर तीच पट्टी ३८० नॅनोमीटर होते आणि लाभ १.५ वर घसरतो.

लेझर लावल्यास डीएमडीचे १२ अंशांत झुकणारे आरसे विवर्तन-जाळीसारखे वागतात. प्रकाश ज्या कोनात जोरात बाहेर पडतो तो कोन तरंगलांबीनुसार बदलतो. म्हणून सुरुवातीला एकच रंग घ्या. ४८८ आणि ६४० एकत्र बसवण्यात लोकांचे महिने जातात. एलईडीने ही अडचण येत नाही, पण बारीक पट्ट्या फिकट पडतात. त्यातून फोकसबाहेरचा धूसरपणा छान कापला जातो, विभेदन मात्र फारसे वाढत नाही. प्रकाशाचे ध्रुवीकरण पट्ट्यांना समांतर ठेवावे लागते आणि ते प्रत्येक दिशेत फिरवावे लागते. स्वतः बांधलेल्या यंत्रांत हेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

पुनर्रचनेला फेअरसिम हे मुक्त प्लगइन, नियंत्रणाला मायक्रो-मॅनेजर. यांत्रिक भागांसाठी येना येथे सुरू झालेला यूसी-२ प्रकल्प पाहा. त्याचे ५ सेंटिमीटरचे घन प्रिंट करून भिंगे आणि आरसे बसवता येतात. भिंग आणि कॅमेरा यांवर मात्र काटकसर करू नका. ५० मिलिवॅटचा लेझर वर्ग ३-बी मध्ये येतो. त्या तरंगलांबीचा चष्मा, बंद पेटी आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच, हे तिन्ही पहिल्या दिवसापासून हवे.

प्रश्न : २०१४ चे नोबेल २०-३० नॅनोमीटरच्या तंत्रांना मिळाले. मग जिवंत पेशींत तुम्ही १०० वर का थांबता?
— बी.एस्सी. विद्यार्थी, लातूर

उत्तर : एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना रसायनशास्त्राचे ते नोबेल मिळाले. हेल यांच्या स्टेड तंत्रात बिंदूभोवतीची प्रतिदीप्ती विझवणाऱ्या लेझरची तीव्रता प्रति चौरस सेंटिमीटर मेगावॅटमध्ये असते. बेट्झिग यांच्या पाम तंत्रात एकेक रेणू शोधून त्याची जागा काढतात. १०० फोटॉन मिळाले तर चूक साधारण १० नॅनोमीटर. पण एका प्रतिमेला हजारो चौकटी लागतात, म्हणजे अनेकदा मिनिटे, आणि तेवढ्यात जिवंत पेशीतले बहुतेक सगळे २० नॅनोमीटरहून कितीतरी जास्त हललेले असते. लहान चौकोनात, थोडा वेळ, दोन्ही तंत्रे जिवंत पेशींवर चालतात. तासभर पेशी पाहायची असेल तर १०० नॅनोमीटर हा आजचा प्रामाणिक आकडा.

प्रश्न : जवळपास असे यंत्र नाही. वेळ कुठे मिळेल आणि पेशी कशा न्यायच्या?
— अध्यापिका, रत्नागिरी

उत्तर : भारत सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर संस्थानिहाय उपकरणे शोधता येतात आणि बाहेरच्यांना वेळ मागता येतो. अर्ज करण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचारा : भिंगाला हीटर आहे का, कार्बन डायऑक्साइड सुरू आहे का, त्याच इमारतीत पेशीसंवर्धनाचा हूड आणि इन्क्युबेटर मिळेल का, आणि यंत्र चालवणारी व्यक्ती जिवंत नमुने घेते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर दुसरी जागा शोधा.

प्रवासासाठी टी-२५ फ्लास्कमध्ये पेशी तळाचा ७० टक्के भाग व्यापेपर्यंत वाढू द्या, माध्यम गळ्यापर्यंत भरा म्हणजे डुचमळणार नाही, झाकण घट्ट करून पॅराफिल्म लावा, आणि थर्माकोलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला न्या. पोहोचल्यावर त्या डिशमध्ये पेरून किमान २४ तास द्या. त्याच दिवशीचा स्लॉट घेऊ नका. नव्याने पेशी घ्यायच्या असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे.

प्रश्न : एआयने नॉइज काढलेली प्रतिमा शोधनिबंधात चालेल का?
— पीएच.डी. विद्यार्थी, पणजी

उत्तर : चालेल, अटींवर. नॉइज काढल्यामुळे दिवा कमी ठेवता येतो, हा जिवंत पेशींसाठी खरा फायदा आहे. नॉइज-टू-व्हॉइडसारखी पद्धत तुमच्याच नॉइजयुक्त प्रतिमांवर शिकते, वेगळ्या स्वच्छ प्रतिमांची गरज नसते. म्हणून सुरुवातीला तीच बरी. दुसऱ्याच्या पेशींवर आणि दुसऱ्याच्या भिंगावर शिकवलेले मॉडेल तयार मिळते म्हणून वापरू नका. ते आपल्या सवयीच्या रचना तुमच्या नॉइजमध्ये रेखाटते, आणि त्या अगदी विश्वसनीय दिसतात.

रसायनाने स्थिर केलेल्या काही पेशींची एकच जागा मंद प्रकाशात आणि मग भरपूर प्रकाशात घ्या. मंद प्रतिमा मॉडेलमधून काढा आणि भरपूर प्रकाशाच्या प्रतिमेशी ताडा. मॉडेलने नवी शाखा, नवे टोक किंवा नवा ठिपका दाखवला, तर त्या प्रकारच्या मोजणीसाठी ते बाद. मूळ चौकटी बदल न करता जपा, निबंधाच्या पुरवणीत त्या आणि मॉडेलची आवृत्ती दोन्ही द्या, आणि मोजमाप मूळ चौकटींवर पुन्हा करून निष्कर्ष तोच राहतो का ते लिहा.